खुर्चीचं मत

माझी सगळी नोकरी विधिमंडळाच्या कचेरीत, समिती शाखेत गेली. विधिमंडळ म्हटलं की लोकांना सभागृहातला आरडाओरडा आठवतो. त्याच्याशी माझा काही संबंध नव्हता. माझ्या वाट्याला आल्या त्या बंद दाराआडच्या समित्या: लांब टेबल, थंड झालेला चहा, एकमेकांकडे सरकवलेल्या फायली आणि 'सन्माननीय सदस्यांनी' केलेल्या सूचना. मी त्या बैठकांची टिपणं काढत असे आणि मला त्या कामाचा फार अभिमान होता. थोडा जास्तच होता, हे पुढे दिसेल.

समितीचा प्रमुख वरून नेमलेला असे. पण एखाद्या दिवशी तो आलाच नाही, तर हजर सदस्यांनी आपल्यातल्याच एकाला त्या बैठकीपुरता प्रमुख निवडायचा, असा नियम. आधी आम्ही डोकी मोजायची. पुरेशी असली की कुणीतरी नाव सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं आणि ज्याचं नाव घेतलं तो आपली कपबशी उचलून टेबलाच्या टोकाला जाऊन बसायचा. दोन मिनिटांचं काम. मला ते बघायला आवडायचं. आत्तापर्यंत शेजाऱ्याच्या कानात टवाळी करणारा माणूस त्या खुर्चीत बसला की ताठ व्हायचा. स्वतःच्या पक्षाच्या माणसालाही म्हणायचा, 'थांबा, त्यांचं बोलणं पूर्ण होऊ द्या.'

आमचे कक्ष अधिकारी काटेकोर गृहस्थ होते. त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं की मतं सारखी पडली तर प्रमुखाला एक निर्णायक मत असतं, पण ते त्याने आपल्या आवडीनिवडीने टाकायचं नसतं. जे चालू आहे ते चालू राहील, अशा बाजूला टाकायचं. बदल करायचा तर तो सदस्यांनी आपल्या संख्येवर करावा, खुर्चीने करू नये. हे मला इतकं पटलं की घरी येऊन मी आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "मग त्याला मत कशाला म्हणायचं?" मी तिला समजावून सांगायच्या भानगडीत पडले नाही.

आम्ही दोघीच होतो. वाशीला महामंडळाच्या घरांसाठी अर्ज मागवले तेव्हा मी भरला आणि नंबर लागला. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. ऑफिसात कुणी विचारलं, कुठे घेतलं घर, आणि वाशी म्हटलं की समोरचा माणूस खाडीपलीकडे परदेश असल्यासारखा चेहरा करायचा. पूल ओलांडून बसने यायचं, उतरल्यावर दोन्ही बाजूंना मोकळी खारट जमीन आणि मध्येच उभ्या केलेल्या तीन मजली इमारती. आमच्या इमारतीत सोळा घरं. बहुतेक गिरगाव-दादरहून आलेली, काही कोकणातली, दोन-तीन देशावरची. बँकेत, पोस्टात, शाळेत नोकऱ्या करणारी माणसं. सगळ्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचा संडास पाहिलेला, त्यामुळे पहिलं वर्ष सगळे खूश होते.

दुसऱ्या वर्षी पाणी बंद पडलं. तळमजल्यावर, बरोबर माझ्या घराखाली, एक गृहस्थ राहत. तुर्भ्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात ते भांडाराचं काम बघायचे. मूळचे मराठवाड्यातले. मी त्यांना भाऊ म्हणायचे, ते मला ताई. पहिल्या पाळीवरून आले की जेवण बाजूला ठेवून हा माणूस महामंडळाच्या कचेरीत जाऊन बसायचा. टँकर त्यांनी आणला. पंप त्यांनी बसवून घेतला आणि तो सकाळ-संध्याकाळ चालू-बंदही तेच करू लागले. गटार तुंबलं, जिन्यातला दिवा गेला, बस आमच्या वळणावर थांबेनाशी झाली, की लोक त्यांच्या दाराशी.

दाराशी म्हणजे दाराशीच. त्यांच्या बाहेरच्या खोलीत समोरच एक मोठी तसबीर होती. कुणाची, ते सांगायला नको. ती दिसल्यावर आमच्या इमारतीतली बरीच माणसं उंबऱ्याबाहेर उभी राहूनच काम सांगत आणि 'नको, घाईत आहे' म्हणत निघत. पंपाची किल्लीसुद्धा बाहेरून मागत. मी आत जाऊन बसायची. वहिनींच्या हातचा चहा प्यायची, त्यांच्या ज्वारीच्या भाकरीचं कौतुक करायची. आणि मी तिथे चहा पिते याबद्दल मनातून स्वतःचीच वाहवा करायची. हे लिहितानाही कान तापतात.

सोसायटीचे तात्पुरते अध्यक्ष होते दुसऱ्या मजल्यावरचे काका. बँकेतून निवृत्त झालेले, गोरेपान, मऊ बोलणारे. त्यांचं इंग्रजी चांगलं, म्हणून अगदी सुरुवातीला लोकांनी त्यांना तात्पुरतं बसवलं होतं. पत्र आलं की ते वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, "आता हे कुणीतरी जाऊन बघायला हवं." ते कुणीतरी म्हणजे भाऊ, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काका वाईट नव्हते. त्यांना नुसतं उठायचा कंटाळा होता. सोसायटीची रीतसर नोंदणी झाली की आपण मोकळे होणार, असं ते स्वतःच सांगत असत.

नोंदणी झाली. पहिली सर्वसाधारण सभा ठरली. कार्यकारिणीत कोण याबद्दल कुणाचं भांडण नव्हतं. अध्यक्ष मात्र सगळ्या सभासदांनी मिळून निवडायचा असं ठरलं. त्या आठवड्यात एकदा मी बसमधून उतरले तर भाऊ कारखान्यातून चालत येत होते. घरापर्यंत बरोबर आलो. ते एरवी मोजकं बोलणारे, पण त्या दिवशी त्यांनी स्वतःहून विषय काढला.

"ताई, ह्या खेपेला मी उभा राहातो म्हनतो."

"राहा की. तुमच्याशिवाय आहे कोण?"

"वडील येनारेत गावाहून. आमच्या गावात चावडीवर बैठक असली की हाळी द्यायचं काम त्यांचं. घरोघरी जाऊन सगळ्यांना बोलवायचं. आनि सगळे जमले की आपन भाईर. जल्मभर बैठका बोलावल्या, आत एकदापन बसले न्हाईत. मला त्यांना एकदा दाखवायचंय. आपला पोरगा खुर्चीत बसून मीटिंग घेतो. बाकी काय नको."

मी म्हटलं, "दिसेल त्यांना." हे मी नुसतं बोलायचं म्हणून बोलले नाही. मला तसंच वाटत होतं.

पण दुसऱ्याच दिवसापासून जिन्यात कुजबुज सुरू झाली. माझ्या समोरच्या बाई म्हणाल्या, "माणूस कामाचा आहे हो, प्रश्नच नाही. पण अध्यक्ष म्हणजे बाहेर चारचौघांत बोलायचं असतं." तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर म्हणाले, "एवढी घाई कशाला? अनुभवी माणूस असलेला बरा." पुढच्या वर्षी सोसायटीचा गणपती बसवायचा, तेव्हा पूजेला अध्यक्ष बसतो, मग कसं करायचं, असंही कुणीतरी काढलं. जे म्हणायचं होतं ते मात्र कुणीच म्हटलं नाही. आणि मोकळं व्हायला आतुर असलेले काका एक दिवस म्हणाले, "लोकांचा आग्रहच असेल तर मी नाही कसं म्हणू?" मी या सगळ्यांचं ऐकून घेत होते. हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. सरकारी नोकरीत हे अंगवळणी पडतं.

सभेला रविवारी संध्याकाळी सगळे गच्चीवर जमलो. प्रत्येकाने आपापल्या घरून खुर्ची आणली होती. भाऊंचे वडील आले होते. स्वच्छ धोतर, पांढरा सदरा, डोक्याला फेटा. भाऊंनी त्यांना पाण्याच्या टाकीजवळ खुर्ची दिली. म्हातारा संकोचत बसला.

दोन नावं सुचवली गेली, दोन अनुमोदनं झाली. मग प्रश्न आला की सभा चालवायची कुणी? काका स्वतः उमेदवार, ते बसू शकत नव्हते. तेव्हा भाऊ उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्या ताई विधानभवनात ह्येच काम करतात. त्यांना बसवा. कुनाला तक्रार राहनार न्हाई." लोकांनी लगेच टाळ्या वाजवल्या.

मी खुर्ची उचलून समोर नेली. इतकी वर्षं दुसऱ्यांना त्या टोकाला जाऊन बसताना बघितलं होतं आणि आज मी बसत होते. आवाज माझाही बदलला. मी सांगितलं की मतदान गुप्त होईल. चिठ्ठ्या सारख्या आकाराच्या असतील. आणि सभा चालवणारी व्यक्ती निःपक्षपाती असायला हवी, म्हणून मी स्वतः मत टाकणार नाही. हे शेवटचं मला कुणीही विचारलं नव्हतं. कुठल्या नियमातही नव्हतं. मला ते शोभून दिसेल असं वाटलं, एवढंच. मी ते बोलले तेव्हा भाऊंनी एकदा वर पाहिलं. त्यांनी आपली मतं मोजून ठेवली होती, आणि त्यांत माझं धरलेलं होतं, हे मला पुढे कळलं. कळायला काही अक्कल लागत होती असं नाही. मी 'दिसेल त्यांना' म्हटलंच होतं.

एक सभासद गावाला गेलेला. उरलेल्यांनी स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. मी त्या सगळ्यांसमोर उघडल्या, वाचल्या आणि दोन ढीग केले. सात आणि सात.

मागून मास्तर म्हणाले, "चिठ्ठी टाका ना. दोन नावं लिहा, पोराकडनं एक उचलवा, झालं काम." दोघंतिघं हसले. मी त्यांना गप्प केलं. म्हटलं, "ही काही लॉटरी नाही. मतं समसमान पडली की सभाप्रमुखाला निर्णायक मत असतं. ते मी देईन." सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढा ठाम स्वर त्या गच्चीवर कुणी ऐकला नव्हता.

आणि मग मी त्यांना आमच्या कक्ष अधिकाऱ्यांचा धडा समजावून सांगितला. खुर्चीचं मत हे व्यक्तीचं मत नसतं. ते जे चालू आहे ते पुढे चालू ठेवण्यासाठी असतं. सध्या काका अध्यक्ष आहेत, तेव्हा परंपरेप्रमाणे मत त्यांच्या बाजूला जातं. मी कागदावर काकांचं नाव लिहिलं, कागद वर करून दाखवला आणि निकाल जाहीर केला.

माझं अक्षर तेव्हा सुरेख होतं. त्या क्षणी मला वाईट वाटत नव्हतं, हे खरं सांगून टाकते. मला फार कठीण आणि फार बरोबर असं काहीतरी केल्यासारखं वाटत होतं. आपल्या माणसाच्या विरुद्ध जाऊनही नियम पाळला, असं काहीतरी. आणि त्याच्याही खाली, मी बघू नये अशा जागी, एक हायसं वाटणं होतं: आता समोरच्या बाई माझ्याशी बोलायच्या थांबणार नाहीत. ते हायसं वाटणं मला आजही आठवतं आणि त्याचीच मला सर्वांत जास्त लाज वाटते.

काका खुर्चीत येऊन बसले, सगळ्यांचे आभार मानले आणि पाण्याच्या पंपाची जबाबदारी भाऊंकडेच राहावी अशी सूचना मांडली. ती एकमताने मंजूर झाली. भाऊ उठले, वडिलांना हात दिला आणि म्हणाले, "चला, दादा." म्हाताऱ्याने जाताना मला नमस्कार केला. त्याला काय समजलं होतं, देव जाणे. मी उलट नमस्कार केला.

घरी आल्यावर आईने ताट वाढलं आणि ती म्हणाली, "तुझ्या कचेरीत ती माणसं उद्या पुन्हा भेटत नाहीत. ही खाली राहतात." मी चिडले. तिला कायद्यातलं काय कळतं, असं काहीतरी बोलले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले आणि कक्ष अधिकाऱ्यांना मोठ्या हौसेने सगळं सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला.

"निवडणूक होती ना?"

"हो."

"मग निर्णायक मत कुठून आलं? ते प्रस्तावाला असतं. करायचं की नाही करायचं, असा प्रश्न असतो तेव्हा. दोन माणसांतून एक निवडायचा आणि मतं सारखी पडली तर चिठ्ठी टाकतात. आपल्याकडेसुद्धा. तुम्ही स्वतः टंकलिखित केलेला नियम आहे तो."

होता. मी तो कितीदा टाइप केला होता. समित्यांवर सदस्य निवडून जायचे त्या नियमांत, सारखी मतं पडली तर काय करायचं त्या कलमात. मास्तर हसत हसत बरोबर बोलले होते आणि मी त्यांना गप्प केलं होतं. परत जाऊन सभा पुन्हा घ्या म्हणता आलं असतं. पोटनियमांत तशी सोय होती. मी तसं केलं नाही. आधी वाटलं, काका दुखावतील. मग वाटलं, आता महिना झाला, आता कसं काढायचं. मग भाऊंचे वडील गावी परत गेल्याचं कळलं, आणि आता काढून उपयोग काय, असं मी स्वतःला सांगितलं.

भाऊ माझ्याशी पूर्वीसारखेच वागत राहिले. त्यामुळे मला जास्तच त्रास झाला. पाणी वेळेवर यायचं. जिन्यात भेटले की "काय ताई, बस मिळाली का" विचारायचे. वहिनी मात्र बदलल्या. मी गेले की त्या चहा करायच्या, कप माझ्यासमोर ठेवायच्या आणि आत निघून जायच्या. पुढे पुढे मीच जाणं कमी केलं. दारावरून जाताना किल्ली मागायची असली की मागायची आणि वर यायची. एक दिवस लक्षात आलं की मीही उंबऱ्याबाहेरच उभी होते.

वर्ष गेलं. काकांचे गुडघे दुखू लागले, त्यांनी या खेपेला खरोखरच सोडायचं ठरवलं. सभेची नोटीस लागली त्या संध्याकाळी मी खाली गेले. भाऊ पंपाच्या खोलीत होते. व्हॉल्व्ह उघडून बसले होते, हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे. मी दारातच उभी राहून सांगितलं की यंदा तुमचं नाव मी सुचवणार, आणि सभा चालवायला मी अजिबात बसणार नाही.

"नको ताई."

"का? यंदा समोर कुणी उभंसुद्धा राहणार नाही."

"तेच तर." ते हसले. "आता कुनाला नको असल्यावर मिळनार. आनि वडलांना आता परवास झेपत न्हाई."

मला ते ऐकवेना. वर्षभर जे तोंडातून निघत नव्हतं ते मी तिथेच बोलून टाकलं. म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी माझी चूक झाली. निवडणुकीत सारखी मतं पडली की खुर्चीने मत द्यायचं नसतं. चिठ्ठी टाकायची असते. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं आणि मी बोलले नाही."

ते व्हॉल्व्हकडेच बघत होते. म्हणाले, "मला म्हाईत होतं. आमच्या युनियनला तसंच असतं. दोनदा मीच चिठ्ठ्या केल्यात."

"मग तेव्हा बोलला का नाहीत? मास्तर म्हणत होते ना चिठ्ठी टाका. तुम्ही नुसतं हो म्हणाला असता तरी..."

त्यांनी चिंधीला हात पुसले. सावकाश, एकेक बोट.

"चिठ्ठीत काय, कुनाचंबी नाव निघालं असतं. तुमी म्हनला मी मत देते, तवा मला वाटलं, झालं आपलं काम. आता कशाला मधी बोलायचं." मग खाली बघूनच म्हणाले, "मी तर दादांना सांगूनपन टाकलं, नीट बसा, आता माझं नाव घेतील."